बेसिन तुंबलं, हात कुणी घालायचा?



मागच्या महिन्यात नारायणगावच्या बाजूला धाकट्या बहिणीकडे दोन दिवस राहून आले. नव्या घरात तिनं हौसेनं बेसिन बसवून घेतलंय. मोरीच्या बाहेर बेसिन, वर आरसा, बाजूला भिंतीवर बाबासाहेबांचं कॅलेंडर. सकाळी तोंड धुवायला गेले तर बेसिनमध्ये चार बोटं पाणी उभं. वर साबणाचा पांढरा तवंग आणि कडेला मशेरीची काळी रेघ.

"अक्का, थांब जरा, हळूहळू जातंय ते," बहीण म्हणाली. "पंधरा दिवस झाले, असंच चाललंय. एकानं तोंड धुतलं की दुसऱ्यानं पाणी उतरायची वाट बघायची."

मी भाच्याला हाक मारली. म्हटलं, "बादली आण आणि एक जुना दातांचा ब्रश आण. बघू काय झालंय ते." भाचा कॉलेजात जातो. जयंतीच्या मिरवणुकीत पुढं असतो, भाषणही चांगलं करतो. पण तो जागचा हलला नाही.

"मावशी, घाणीची कामं सोडा म्हणून बाबासाहेबांनी सांगितलं ना? आणि आपणच परत गटारात हात घालायचा? माणूस बोलवू. पैसे देऊ त्याला."

"कुठला माणूस?"

त्यानं नाव सांगितलं. ते नाव माणसाचं नव्हतं, एका जातीचं होतं. बहिणीनं मान खाली घातली. मीही क्षणभर गप्प झाले. बौद्धाच्या घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली, हे वाक्य इतक्या सहज निघालं! पोराला उत्तर द्यायला हवं होतं, पण आधी बेसिन. पाणी उभं असताना तत्त्वज्ञान सांगणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

म्हणून आजच्या लेखात आधी बेसिनच घेते.

पहिली गोष्ट, तुंबलंय कुठं ते ओळखा. मोरीत एक बादली पाणी ओता. ते झरझर गेलं तर दोष बेसिनच्याच नळीत आहे. मोरीचंही पाणी थांबत असेल, संडासात गुडगुड आवाज येत असेल, तर दोष घराबाहेर आहे, चेंबरमध्ये, शोषखड्ड्यात किंवा मैल्याच्या टाकीत. त्याचं पुढं सांगते. बहिणीकडे मोरी साफ वाहत होती.

बेसिन तुंबतं ते बहुधा केसांनी. विंचरताना गळालेला केस जाळीतून खाली जातो आणि आत आडवा अडकतो. त्याला डोक्याचं तेल चिकटतं, तेलाला साबण, साबणाला मशेरी, दाढीचे केस, शिकेकाई, भांड्यातला भात. आपल्याकडे अनेक घरांत बोअरचं जड पाणी. त्या पाण्यातल्या क्षारांशी साबणाचं मिळून दह्यासारखी साय तयार होते. ती पाण्यात विरघळत नाही, नळीच्या आतल्या अंगाला थरावर थर धरते. तंबाखूचा चोथा आणि गुटख्याची पुडी हा आणखी एक प्रकार. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण कुणाच्या बेसिनला ते अजून कळलेलं नाही.

सुरुवात तारेनं करा. बांधकामावर सळया बांधायला वापरतात ती बारीक तार घ्या, हातभर लांब. टोकाला छोटा आकडा वळवा, आणि टोक आत दाबून टाका म्हणजे बेसिनला ओरखडा उठणार नाही. जाळीच्या भोकातून खाली सोडा, फिरवा, हळूच वर ओढा. बहिणीच्या बेसिनमधून उंदराच्या शेपटीएवढा केसांचा गुंता निघाला. पुष्कळ घरांत एवढ्यानंच काम होतं. निघालेला गुंता कचऱ्यात टाका, परत मोरीत ढकलू नका. ढकललात तर आजचं बेसिन उद्याची मोरी होते.

मग धुण्याचा सोडा. दोन मूठ सोडा एक तांब्या गरम पाण्यात विरघळवून ओता आणि अर्धा तास तसंच राहू द्या. उकळतं पाणी नको. आजकालच्या नळ्या प्लॅस्टिकच्या, त्या उकळत्या पाण्यानं मऊ पडतात आणि जोड सैल होतात. हाताला जेमतेम सोसवेल इतकं गरम पुरे. सोड्यानं तेलाचा चिकटा सुटतो, केस विरघळत नाहीत, म्हणून तार आधी. खायचा सोडा आणि लिंबू टाकलं की फेस छान दिसतो, त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

तरी पाणी थांबतंय? मग लाकडी दांड्याला रबराची वाटी लावलेला पंप आणा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बेसिनच्या वरच्या कडेखाली एक छोटं भोक असतं, भरलेलं पाणी सांडू नये म्हणून. ते ओल्या फडक्यानं घट्ट बुजवा, नाहीतर तुमचा सगळा दाब तिथून निघून जाईल आणि अंगावर शिंतोडे येतील. रबराची वाटी बुडेल इतकं पाणी ठेवा आणि पंधरा-वीस वेळा दाबा-ओढा. ओढणं दाबण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

खरं दुखणं मात्र बेसिनच्या खालच्या डबीत असतं. वाटीसारख्या त्या भागाला बॉटल ट्रॅप म्हणतात. नळ बंद करा. खाली बादली ठेवा, ही आठवण मी मुद्दाम करून देते, कारण भल्याभल्यांनी डबी खोलल्यावर बादलीसाठी धाव घेतलेली मी पाहिली आहे. डबीची खालची वाटी हातानं फिरवा, खालून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेनं. घट्ट असेल तर फडकं गुंडाळून पक्कड लावा, नुसती लावलीत तर प्लॅस्टिकचे आटे तुटतात. वाटीत काळा चिकट गाळ दिसेल, वास येईल. तो पंधरा दिवसांच्या तुमच्याच तोंडाचा आणि हातापायांचा मळ आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. हातमोजे असतील तर घाला, नसतील तर दोन्ही हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. जुन्या ब्रशनं वाटी घासा, आत उतरणारी नळी घासा, रबरी वायसर पुसून जागेवर बसवा आणि वाटी हातानंच आवळा. मग पाणी सोडा आणि खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरून ठेवा. थेंब पडला तर कागद सांगतो.

डबीत थोडं पाणी कायम उरतं. ते पाहून पुष्कळांना वाटतं अजून तुंबलंय. तसं नाही. गटाराचा वास आणि झुरळं घरात येऊ नयेत म्हणून ते पाण्याचं झाकण आहे. मुंबईहून मंडळी दिवाळीला गावचं घर उघडतात आणि घरभर वास सुटलेला असतो, तो ते पाणी वाळून गेल्यामुळे. बेसिनमध्ये आणि मोरीत एक-एक तांब्या पाणी ओता, वास बसतो.

काही घरांत डबीच नसते, नुसती घड्याघड्यांची लवचिक नळी असते. मंचरला आमच्या नात्यातल्या एका घरी हीच नळी हातभर जास्त लांब ठेवून खाली झोळीसारखी लोंबत होती. झोळीत गाळ साचणारच. दर दोन महिन्यांनी ते सोडा टाकत होते, आणि बेसिनला शिव्या देत होते. नळी काढून बाहेर दोन्ही बाजूंनी धुतली, जादा लांबी कापली, नीट उतार दिला. पाणी आडवं न्यायचं तर मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर तरी उतार लागतो. ते बेसिन मी पुढच्या वेळी गेले तेव्हाही वाहत होतं.

आता ॲसिड. बहिणीच्या घरी कोपऱ्यात थंडपेयाच्या बाटलीत ॲसिड ठेवलेलं होतं, दारावर विकायला येणाऱ्याकडून घेतलेलं. पाव्हण्यांनी त्यातलं अर्धं बेसिनमध्ये ओतूनही पाहिलं होतं. काही झालं नाही, फक्त जाळीचा मुलामा गेला. ॲसिडनं केसही जात नाहीत आणि तेलही जात नाही. पण त्यावर कुणी टीसीएल पावडर टाकली तर? ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्यात टाकते ती टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरच. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो छातीत गेला तर माणूस गुदमरतो, जिवावर बेततं. दोन्ही वस्तू घरात असतील तर एका फळीवर ठेवू नका. आणि थंडपेयाच्या बाटलीत ॲसिड? तहानलेलं पोर बाटली बघतं, आत काय आहे ते बघत नाही. ती बाटली मी त्याच दिवशी तिथून हलवायला लावली.

हे सगळं करायला पाऊण तास लागला. भाचा दारात उभा राहून पाहत होता. बादली त्यानंच बाहेर नेऊन ओतली, पण तोंड वाकडं करून.

चहा पिताना मी विषय काढला. म्हटलं, तुझं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं फार मोठं आहे. महार वतनाच्या नावाखाली गावानं आपल्या आज्या-पणज्यांकडून काय काय करून घेतलं! मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन पळायचं, रात्री-अपरात्री राबायचं, आणि मोबदल्यात शिळी भाकर. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितलं. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक मांडलं. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब गेल्यानंतर. भंगीकामाला पुण्यकर्म म्हणून गौरवणाऱ्यांचा समाचार त्यांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात घेतला आहे. हे सगळं खरं.

"पण त्यात स्वतःच्या घरचं बेसिन कुठं आहे?" मी विचारलं. "आपण सोडलं ते जन्मानं गळ्यात बांधलेलं काम. दुसऱ्याची घाण, दुसऱ्याच्या हुकमानं, पिढ्यान्‌पिढ्या. तू आज सकाळी तेच काम उचललंस आणि आणखी खालच्या म्हणून ठरवलेल्या माणसाच्या गळ्यात बांधलंस. वतन मोडलं नाहीस, पुढं ढकललंस."

"पण प्लंबरला बोलावतातच की लोक," तो म्हणाला. प्रश्न रास्त होता. प्लंबर कौशल्याचे पैसे घेतो, त्याला वेळ विचारावी लागते, तो नाही म्हणू शकतो. पाइप फुटला, भिंतीतली लाइन तुंबली तर जरूर बोलवा, आणि मजुरीत घासाघीस करू नका. पण केसांचा गुंता काढायला "त्यांच्यातला कुणीतरी" बोलवायचा, हे कौशल्य विकत घेणं नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही लेण्याद्रीला गेलो. बहुतेकांना ते अष्टविनायकाचं ठिकाण म्हणून माहीत आहे. गणपतीचं देऊळ आहे ते सातव्या क्रमांकाचं लेणं मुळात बौद्ध विहार आहे, मधे खांब नसलेला मोठा मंडप आणि तीन बाजूंना भिक्खूंच्या वीस खोल्या. शेजारी सहाव्या क्रमांकाचा चैत्य. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत अशी दोनशेहून अधिक कोरीव कामं आहेत, लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा लेणी. भाच्यानं ती शाळेच्या सहलीत पाहिली होती. पण त्यानं पोढ्या पाहिल्या नव्हत्या, म्हणजे बघूनही पाहिल्या नव्हत्या.

पोढी म्हणजे खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं. जुन्नरच्या शिलालेखांत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, कारण पाण्याची सोय करून देणं हे मोठं दान. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दिल्या. मानमोडीवर नहपान राजाचा अमात्य अयम यानं ४६ व्या वर्षी मंडप आणि पोढी करवून दिली. तिथल्या लेखांत कासकार म्हणजे काशाची भांडी घडवणारे आणि वासकार म्हणजे बांबूकाम करणारे, यांच्या श्रेणींचाही उल्लेख आहे. राजाचा अमात्य आणि बांबू विणणारे, दोघांचीही नोंद खडकात. भाचा हे ऐकून जरा सैल झाला. तिथंच एका पायरीवर बसून त्याला चुल्लवग्गातल्या गोष्टी सांगितल्या. चुल्लवग्ग म्हणजे विनयपिटकातला भिक्खूंच्या रोजच्या वागणुकीचे नियम सांगणारा भाग.

त्यात जंताघराचं, म्हणजे न्हाणीघराचं प्रकरण आहे. तिथं चिखल होऊ लागला तेव्हा भगवंतांनी फरसबंदीला परवानगी दिली. मग पाणी साचू लागलं, तर पाणी वाहून जायला मोरी करण्याची परवानगी दिली. साचलेलं पाणी हा भगवान बुद्धांपर्यंत गेलेला प्रश्न आहे, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

पुढची गोष्ट आणखी मोलाची. ब्राह्मण जातीत जन्मलेला एक भिक्खू शौचानंतर धूत नसे. असल्या दुर्गंधी, नीच गोष्टीला हात कोण लावणार, हा त्याचा विचार. त्याला त्यातून आजार झाला, भिक्खूंनी ही गोष्ट भगवंतांना सांगितली, आणि पाणी असताना न धुणं हा दोष ठरवला गेला. ज्याचं शरीर त्यानं धुवायचं. शौचकूप अस्वच्छ दिसला तर गेलेल्या भिक्खूनं झाडावा, भांड्यात पाणी नसेल तर भरून ठेवावं, हेही नियम तिथंच आहेत. विहारांना आरामिक म्हणजे सेवक असत, हे विनयातच आहे. तरी नियम भिक्खूला घालून दिला.

आणि शौचाला जाण्याचा क्रम? आधी ज्येष्ठतेप्रमाणे जात. नवे भिक्खू आधी येऊनही ताटकळत, आवरून धरता धरता बेशुद्ध पडत. तेव्हा भगवंतांनी सांगितलं, जो आधी येईल तो आधी जाईल. "म्हणजे वयानं मोठा असला तरी रांगेत?" भाच्यानं विचारलं. मी म्हटलं, होय. तो हसला, आणि त्यानंतर बराच वेळ टाक्यात वाकून पाणी बघत होता.

घराबाहेरचं राहिलं. सगळ्याच मोऱ्या सावकाश उतरत असतील तर चेंबरचं झाकण उघडून बाहेरूनच काठीनं किंवा बांबूच्या कामटीनं साफ करा. शोषखड्डा गाळानं भरला असेल तर त्यातले दगड काढून धुवून परत भरावे लागतात, नाहीतर नवा खणावा लागतो. जुन्या घरांत मोरीचं पाणी परसात अळवाला आणि केळीला सोडत, ते सांडपाण्याला आजही चांगलं आहे, फक्त संडासाचं पाणी त्यात मिसळता कामा नये.

पण मैल्याची टाकी असेल तर थांबा. आत कुणीही उतरायचं नाही. तुम्ही नाही, मुलगा नाही, दारूचे पैसे देऊन आणलेला माणूस तर नाहीच नाही. टाकीत विषारी वायू साचतात, प्राणवायू नसतो, माणूस आत गेल्यावर ओरडायलाही वेळ मिळत नाही. आणि त्याला काढायला दुसरा उतरतो तोही जातो. मशीनच्या टँकरनं उपसा करून घ्या, खर्च चार घरांत वाटून घ्या. हातानं मैला काढायला लावण्यावर १९९३ चा कायदा आहे, मग २०१३ चा अधिक कडक कायदा आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणं गुन्हा आहे, उतरवणारा घरमालक बौद्ध असला तरी. १९९३ पासून असे जे मेले त्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं, आणि २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. एवढ्यानंतरही माणसं मरतात, आणि मेलेल्यांची आडनावं वाचली की ती कुठल्या वस्तीतली ते सांगावं लागत नाही. ती वस्ती आपल्याला परकी नाही.

मी निघताना बहिणीनं कॅलेंडरवर दर पंधरवड्याचा एक रविवार खुणेनं भरून ठेवला. पहिला पाव्हण्यांचा, दुसरा भाच्याचा, तिसरा तिचा. "माझा शेवटी का?" असं नाही, "माझा का?" असं पाव्हण्यांनी विचारलं. बहीण म्हणाली, दाढीचे केस कुणाचे निघाले होते ते बादलीत पाहायचं होतंत.

परवा तिचा फोन आला. भाच्यानं त्याच्या रविवारी डबी एकट्यानं खोलली, आत ट्यूबचं झाकण सापडलं. साफ करून परत बसवली, पण वायसर मुडपला आणि रात्रभर थेंब पडत राहिला. सकाळी उठून त्यानं पुन्हा खोलली, वायसर सरळ केला, तेव्हा कागद कोरडा राहिला. रबराच्या जागी त्याच्या मनातून पांढरी टेप गुंडाळायची होती, बहिणीनं गुंडाळू दिली नाही, ते बरं केलं. टेप कुठं लावायची आणि कुठं नाही, ते पुढच्या अंकात गळक्या नळाबरोबर घेऊ.

जयभीम.